रिकाम्या हातानं फिरणं

मला फिरायला आवडत नाही. एकदाचं सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. पायात बूट घालून सकाळी सकाळी गोल गोल चालणारी माणसं बघितली की मला नुसत्या बघण्यानंच दम लागतो. माझं चालणं घरात होतं. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात, अंगणातून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा ओट्यापाशी. मग परभणीहून बसनं बोरीला जायचं, स्टँडपासून शाळेपर्यंत पायी, दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. एवढं झाल्यावर पुन्हा हौसेनं चालायला जायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

तरीही गेल्या वर्षात मी बागांमधून, ट्रॅकवरून आणि समुद्राच्या काठानं जेवढी हिंडले तेवढी जन्मात हिंडले नव्हते. हे सगळं आत्याबाईंपायी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात.

त्या बोरीजवळच्या आमच्या गावी एकट्या राहायच्या. शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं दिलेलं, दारात एक गाय, आणि जीभ अशी की शेजारणी रस्ता बदलून जायच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठा धुताना पाय घसरून पडल्या. बैल विकून दहा वर्षं झाली होती, पण पोळ्याला गोठा धुवायचा म्हणजे धुवायचाच. खुबा मोडला. परभणीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, खुबा नवा बसवला, आणि त्या आमच्या घरी आल्या.

डॉक्टर तरुण होते, भिंतीकडं बघून बोलायचे. खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. आत्याबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाईमानसानं करायचं काय?"

"चालायचं," डॉक्टर म्हणाले. "वॉकर घेऊन, सकाळ-संध्याकाळ. हळूहळू वाढवायचं. नाही चाललात तर पाय आखडतील, मांड्यांतली ताकद जाईल. मग खाट."

खाट हा शब्द त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बघून उच्चारला. पण खाट म्हणजे मी, हे त्या खोलीत फक्त मला कळलं. माझी आई दोन वर्षं खाटेवर होती. तिला कुशीवर वळवणं, भांडं देणं, पाठ पुसणं, सगळं माझ्या वहिनीनं केलं. शेवटी शेवटी वहिनी उभ्या उभ्या झोपायची. तिचं तोंड मला त्या दिवशी दवाखान्यात आठवलं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. माझी कंबर आधीच बोलायला लागलेली.

आता आत्याबाईंना चालता येत नव्हतं असं नाही. न्हाणीपर्यंत चालायच्या, देवापर्यंत चालायच्या, दारावर भाजीवाला आला की त्याच्याशी भांडायला फाटकापर्यंत चालायच्या. कामाला चालायचं त्यांना कळत होतं. बिनकामाचं चालणं त्यांच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं.

आमच्या कॉलनीच्या मागं मोकळी जागा आहे. तिच्या कडेनं फरशीचा ट्रॅक केलाय, आठ-दहा कडुलिंबाची झाडं आहेत, चार बाकं आहेत. एका संध्याकाळी मी त्यांना तिथं नेलं. माणसं चालत होती. आत्याबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

"कुठं जायलेत गं हे समदे?"

"कुठंच नाही, आत्याबाई. फिरायलेत."

"आन मघाशी गेला तोच ह्यो परत आला की."

"गोल आहे ना रस्ता."

"मग घाण्याचे बैल हायत का काय?" असं म्हणून त्या बाकावर बसल्या. मी हात जोडले, रागावले, डॉक्टरांची भीती घातली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हणाल्या, "खामखा हात हालवत हिंडायला लाज वाटती मला. लोक काय म्हनतील? ह्या बाईला काय कामधंदा न्हाई."

लोक काही म्हणत नव्हते. लोकांच्या कानात गाणी चालू होती. पण लाज ही लोकांनी बघितल्यावरच वाटते असं थोडंच आहे.

ही लाज कुठून आली ते मला माहीत होतं. माझ्या चांगलीच अंगाशी आली होती ती, पूर्वी एकदा. मी परभणीतली, नळाच्या पाण्यावर वाढलेली. नवी नवरी म्हणून गावी गेले तेव्हा एकदा आत्याबाईंनी मला शेतात जेवण द्यायला पाठवलं. मी दिलं आणि मोकळी टोपली हलवत परत आले. त्या वेशीपाशीच भेटल्या. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला खोचलेली भाजी. माझ्या टोपलीत वाकून बघितलं त्यांनी.

"काय आणलंस?"

"काही नाही. जेवण देऊन आले."

"परत जा."

मला आधी वाटलं थट्टा करतायत. "रान कुनाला रिकामं धाडत न्हाई," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं घरी येनारी बाई आंधळी तरी आसती, न्हाईतर आळशी. काडी आन, पाला आन, कायबी आन. पन रिकाम्या हातानं घरी येऊ नको."

चार बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी दीड मैल परत गेले, तुरीची चार धसकटं उपटली, तळहाताला फोड आले, आणि दिवस मावळता रडत रडत घरी आले. त्यांनी ती धसकटं चुलीपाशी ठेवली आणि भाकरी थापायला बसल्या. तीस वर्षं ते मी मनात धरून ठेवलंय, खोटं कशाला बोलू.

तर नाताळाच्या सुमारास माझी मुलगी, जी पुण्यात नोकरी करते, तिनं फोनवर फर्मान काढलं. आजीला कोकणात न्यायचं. समुद्र बघून तिचं मन रमेल, हवा बदलेल, ती आपोआप चालायला लागेल. तिनं सगळं शोधून ठेवलं होतं. समुद्राच्या काठावरची बाग, खारफुटीच्या जंगलातून नेलेला लाकडी रस्ता, सुरूच्या बनातली पायवाट. "आई, तू काही टेन्शन घेऊ नको, नुसती बस गाडीत," ती म्हणाली. ज्या बाईनं गाडीत आठ माणसांचं वाटावं एवढं सामान भरलं, वॉकर, उंच कमोड, गोळ्या, दशम्या, शेंगाची चटणी, पाण्याचे दोन जार, तिला म्हणे टेन्शन घेऊ नको. कोकणात पाणी मिळत नाही का, असं पोरीनं विचारलं. मिळत असेल. पण आम्ही जारशिवाय घर सोडत नाही.

पहिला दिवस पुण्यापर्यंत, दुसरा दिवस घाट उतरून खाली. गाडी नवरा चालवत होता. घाटात दोनदा मला ओकारी झाली. आत्याबाई ठणठणीत. पोचलो तेव्हा माझी अवस्था अशी होती की फिरायला आलेल्या माणसाला आधी दोन दिवस झोपू द्यावं, असा काहीतरी कायदा पाहिजे.

संध्याकाळी बाग. उंचावर होती, खाली खडकांवर लाटा आपटत होत्या. कडेला कठडा, गुळगुळीत रस्ता, जागोजागी बाकं. आत्याबाई पहिल्याच बाकावर बसल्या आणि समुद्राकडं बघत राहिल्या. मुलगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आता आजी काय म्हणते म्हणून.

"लय पानी हाय," त्या म्हणाल्या.

"हो ना, आजी!"

"एवढं पानी, आन एकानंबी मोटर टाकली न्हाई."

"खारं हाय ते, माय," नवरा म्हणाला.

"मंग लय आसून काय कामाचं?" विषय संपला. उठल्या नाहीत. आम्ही तिघं आळीपाळीनं त्यांच्यापाशी बसलो आणि आळीपाळीनं फिरून आलो. सूर्य बुडताना सगळ्यांनी फोटो काढले. मी कठड्याला टेकून डोळे मिटले होते, तसाच माझा फोटो आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारफुटी. चिखलात उभी झाडं आणि त्यांच्यामधून फळ्या ठोकून केलेला रस्ता. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसायचं, खेकडे दिसायचे. वॉकरचा एक पाय फटीत अडकला आणि आत्याबाईंनी तिथंच ठाण मांडलं. पुढं नाही, मागं नाही. माझ्या मागं माणसं खोळंबली.

नवरा सहसा बोलत नाही, तो त्या दिवशी बोलला. "माय, आगं चार हंगाम ऊसतोडीला गेलेली बाई तू. डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचीस. आमी खालून बघायचो. आन ह्या फळीला भ्यायलीस?"

"तवा डोक्यावर मोळी होती," आत्याबाई म्हणाल्या.

आम्हाला वाटलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना मागं आणलं. मुलगी गाडीत बसून रडली. तिनं सुट्टी काढली होती, महिनाभर आखलं होतं. मला तिचीही कीव आली आणि स्वतःचीही, आणि खरं सांगू का, माझ्यात कीव करायचंही त्राण नव्हतं.

संध्याकाळी सुरूचं बन. उंच झाडं, मधून वाळूची कठीण झालेली पायवाट, पलीकडं समुद्र. दारातच बाक होता. आत्याबाई बसल्या. मुलगी फोन घेऊन पुढं गेली, नवरा पाणी बघायला गेला. मी बाकावर बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलेलं नव्हतं.

"आत्याबाई, मी दमलेय. आजच्यापुरती नाही, सगळ्यानंच दमलेय. तुम्ही चालला नाहीत तर तुमचं सगळं खाटेवर मला करायचंय. करीन मी, टाकून देणार नाही. पण माझ्यात ताकद राहिली नाही, हे तुम्हाला माहीत असू द्या."

तीस वर्षांत असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आत्याबाई खाली बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता गावभर होईल, सून म्हातारीला ओझं म्हणाली.

मग म्हणाल्या, "किती सरपन पडलंय गं."

मी बघितलं. खरंच पडलं होतं. वाळक्या काड्या, हातभर लांब फांद्या, बारीक काटेरी फळं, सगळीकडं.

"आन कुनी न्यायना बी," असं म्हणत त्यांनी वॉकर पुढं ओढला आणि उभ्या राहिल्या. वॉकरच्या पायानं दाखवलं. "ती घी."

मी घेतली.

"ती पन. ती नको, वली हाय. त्येच्याम्होरली बघ."

त्या दाखवायच्या, मी वाकायची. एक झाड, दुसरं झाड, दहावं झाड. त्यांना थांबायचं भानच नव्हतं. चांगलं लाकूड दिसलं की वॉकर दोन पावलं भरभर टाकायचा. मुलगी परत आली, आधी फोनवर चित्रण करायला लागली, मग आजीनं "ते ठिऊन दे आन वेच" म्हटल्यावर वेचायला लागली. तिच्या ओढणीत मोळी बांधली. नवरा लांबून आम्हाला बघत तसाच उभा राहिला. पायवाट संपली तेव्हा समोर समुद्र होता आणि आत्याबाई न बसता अख्खी वाट चालून आल्या होत्या. त्यांनी समुद्राकडं एकदा बघितलं, मागं वळून बनाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्ये रान कुनाच्या मालकीचं हाय?"

परत येताना त्यांना मोळी डोक्यावर हवी होती. मी नाही म्हटलं. "मग तू घी." मी घेतली. परभणीत मला 'मॅडम' म्हणतात. तिथं मी ओढणीत बांधलेली काटक्यांची मोळी डोक्यावर घेऊन, साडीचा पदर खोचून, बूट घातलेल्या माणसांमधून चालत होते. एका बाईनं माझा फोटो काढला. आधी लाज वाटली, मग लाज वाटायचाही कंटाळा आला.

दारात पहारेकरी उभा होता. मध्यम वयाचा, शांत माणूस. "काकू, हे इथंच ठेवा. इथून काही बाहेर न्यायचं नाही."

"बाबा, पडलेलं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "हिरवी एक काडी मोडली न्हाई मी. पडलेलं सरपन कुनाचंबी आसतंय."

"आजी, तुमच्या गावात असेल. इथं नियम आहे. माझी नोकरी जाईल."

तो चुकीचं काही बोलत नव्हता. आणि असंही, त्या मोळीचं आम्ही करणार काय होतो? गाडीच्या टपावर बांधून परभणीला नेणार होतो? पण आत्याबाईंचं तोंड बघून मला ते विचारवेना. मी मोळी उतरवली. त्यांनी गाठ सोडायला लावली, ओढणी झटकून घेतली. गाडीत खिडकीकडं तोंड करून बसल्या. वाटेत एकदाच बोलल्या. "एवढं चालले, आन हात रिकामाच."

तिसऱ्या दिवशी शहराच्या कडेला समुद्रालगतचा लांबलचक रस्ता होता, चकाचक झाडलेला. आत्याबाईंनी इकडं तिकडं बघितलं, एक काडी दिसेना. बसल्या. आम्हीही बसलो. चौथ्या दिवशी परत निघालो.

घरी आल्यावर दोन दिवस मी धुणं धूत होते आणि एकच विचार करत होते. त्या चालल्या होत्या. एकदाच, पण चालल्या होत्या. आमच्या ट्रॅकवर मात्र काडी मिळायची सोय नाही. झाडणारी बाई रोज चार वाजता झाडते आणि इमानदारीत झाडते.

मग बोरीला शाळेजवळच्या शेतात पऱ्हाट्या उपटायचं काम चालू असलेलं दिसलं. कापूस वेचून झाला की झाडाचं जे वाळकं लाकूड उरतं, त्याला पऱ्हाटी म्हणतात. गावात चुलीला तेच लागतं. मी शेतकऱ्याला विचारून एक पोतं भरून घेतलं आणि बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, परभणीत गॅस मिळंना का?" मी म्हटलं, "तिकीट द्या."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठले आणि ट्रॅकच्या कडेनं, लिंबाच्या झाडांखाली, दहा-दहा पावलांवर एक एक पऱ्हाटी टाकून आले. मग चहा केला. मग आत्याबाईंना घेऊन गेले. "अगंबाई," मी म्हटलं, "आज बघा किती काड्या पडल्यात इथं!" मी नाटकात कधी काम केलेलं नाही, ते लगेच कळलं असतं कुणालाही.

आत्याबाईंनी पहिल्या पऱ्हाटीकडं बघितलं. मग वर झाडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "हां," म्हणाल्या. "पडल्यात खऱ्या." आणि वॉकर पुढं सरकला.

पहिल्या दिवशी अर्धा फेरा. आठवड्यानं एक. त्या दाखवायच्या, मी वाकून वेचायची. घरी आलं की म्हणायच्या, "बंबात घाल, आंघोळीचं पानी तापू दे." मी हो म्हणायची, पऱ्हाट्या वॉशिंग मशीनमागच्या पोत्यात परत भरायची आणि पाणी गॅसवर तापवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पऱ्हाट्या, पुन्हा तीच झाडं. टाकायला हेलपाटा, वेचायला हेलपाटा, मग शाळा. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, त्यातलं शिंगरू मी. कंबरेला पट्टा आला. नवरा म्हणायचा, "उद्या मी टाकतो." त्याचा उद्या अजून उजाडायचाय.

पण दोन फेरे झाले. मग तीन. आणि तिसऱ्या फेऱ्याला त्या वॉकरवर पहिल्यासारखा भार टाकत नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं होतं.

असा महिना गेला. मग शाळेत तपासणी आली. चार दिवस मी रजिस्टरं पूर्ण करत बसले, पोरांची तयारी घेतली, घरी येऊन पोळ्या लाटल्या. तपासणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं. मी दचकून उठले. घर शांत. नवरा घोरत होता. आत्याबाईंची खोली उघडी, खाट मोकळी, वॉकर नाही. पुढच्या दाराची कडी काढलेली.

पडल्या असतील, रस्त्यात कुठं पडल्या असतील, पुन्हा खुबा, पुन्हा दवाखाना, आणि या वेळी खाट. का झोपले मी? मला झोपायचं काय नडलं होतं? मी न्हाणीत बघितलं, मागच्या अंगणात बघितलं. वॉशिंग मशीनमागचं पोतंही नव्हतं, ते दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. तशीच अनवाणी ट्रॅककडं पळाले.

त्या पलीकडच्या कडेला होत्या. पोतं वॉकरच्या पुढच्या दांडीला दोरीनं टांगलेलं. दहा पावलं चालायच्या, थांबायच्या, पोत्यातून एक पऱ्हाटी काढायच्या आणि उभ्यानंच खाली सोडायच्या. वाकायला मनाई होती ना. एक पऱ्हाटी रस्त्याच्या मधोमध पडली, तिच्यावरून एक माणूस उडी मारून गेला. त्यांनी लक्ष दिलं नाही. पुन्हा दहा पावलं.

"आत्याबाई! काय करायलात तुम्ही?"

"दिसंना का? टाकायले."

मी धापा टाकत उभी राहिले.

"लिंबाला पऱ्हाटी लागती, आसं मला वाटलं आसंल, व्हय गं?" त्या म्हणाल्या. "सत्तर वर्सं रानात गेली माझी. आन पान्याला धुराचा वास येईना, त्ये काय मला कळंना? मास्तरीन हायस, पर तुला लपवाया येत न्हाई."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पैल्याच दिशी."

मला राग आला. असा आला की डोळ्यांत पाणी आलं. "मग बोलला का नाहीत? महिनाभर मी उजाडायच्या आत उठून वाकायले, दिवसातून दोनदा वाकायले, माझी कंबर गेली! एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"बोलले आसते तर तू टाकल्या आसत्यास का?" त्यांनी पोत्यात हात घातला. "तू तितं समुद्रापाशी म्हनालीस ना, दमले म्हनून. त्ये ऐकलं मी. मग तू हे पेराया लागलीस. म्हनलं, पोरगी एवढं करायलीय, चालावं. पन रिकामं चालवत न्हाई गं मला, त्येला मी काय करू?" मग शेवटची पऱ्हाटी खाली सोडून म्हणाल्या, "आज उठली न्हाईस तू. म्हनलं, निजू दे. आजच्या दिस मीच टाकून येते."

पोतं रिकामं झालं होतं. त्यांनी ते झटकून घडी घातली, वॉकरच्या दांडीवर ठेवलं आणि घराच्या दिशेनं वळल्या. मी डोळे पुसून त्यांच्या मागं निघाले. "चला, चहा टाकते," मी म्हटलं.

त्या थांबल्या. मान वळवून माझ्या हातांकडं बघितलं.

"आन त्या कोन वेचनार?" त्यांनी मागच्या सगळ्या ट्रॅककडं मान उडवली. "वेच आन ये. रिकाम्या हातानं घरी येऊ नको."

आणि पुढं निघाल्या. मी परत फिरले. पहिल्या झाडाखाली वाकले, मग दुसऱ्या. रस्त्याच्या मधली ती एक पऱ्हाटी उचलली. माझा हात भरत होता आणि मधून मधून मी कॉलनीच्या रस्त्याकडं बघत होते. वॉकर फरशीवरून वाजत होता, एकसारखा, कुठंही न थांबता. मी शेवटच्या झाडापाशी पोचायच्या आत आत्याबाई फाटक उघडून घरात गेल्यासुद्धा.